वाईट बातमी घरात येते तेव्हा: तीन ते आठ वर्षांच्या मुलांशी कसं बोलायचं

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेचच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. आपल्याकडच्या बहुतेक मराठी शाळा तेव्हा उघडायच्या होत्या. मुलं दिवसभर घरात आणि हॉलमधला टीव्ही चालू. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी काश्मीरमध्ये पहलगामला पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला होता, मग ७ मेच्या मॉक ड्रिलचे भोंगे. एका उन्हाळ्यात लहान मुलांच्या कानावर इतकं काही पडलं, आणि त्यावर त्यांच्याशी बसून बोललेली घरं फार थोडी होती. ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणून विषय संपवला जातो. त्याला कळलेलं असतं, पण अर्धवट. अडचण तिथेच आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलाला बातमीशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या मनात दोन-तीनच प्रश्न असतात: हे आपल्याकडे होईल का, आई-बाबांना काही होणार नाही ना, आणि झालंच तर मला कोण सांभाळेल? उत्तर मिळालं नाही, की मूल ते स्वतःच तयार करतं, आणि त्याने रचलेलं उत्तर बरेचदा घडलेल्या गोष्टीपेक्षाही भयानक असतं. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांचा गाभा एकच आहे: मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते आधी काढून घ्या, आणि तेवढ्याचंच उत्तर द्या.

सगळ्यात आधी टीव्ही आणि फोन

बोलायला बसण्याआधी पडदा बंद झाला पाहिजे. न्यूज चॅनेल एकच दृश्य दिवसभर फिरवत राहतं. ते एकच विमान आहे आणि एकदाच पडलंय, हे तुम्हाला-मला माहीत असतं. चार वर्षांच्या मुलाला दर वेळी नवं विमान पडताना दिसतं.

मोठ्यांनाही हे झेपत नाही. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो प्रौढांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून अधिक तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाजवळ असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. मोठ्यांची ही गत, तर मुलांना ते दिवसभर का दाखवायचं?

घरात आजी-आजोबा असतील तर हे जरा नाजूक होतं. त्यांचा दिवस बातम्यांवर चालतो आणि हॉलमधला टीव्ही त्यांचाच असतो. मुलासमोर त्यांना टोकू नका. बाजूला घेऊन सांगा: ‘बाबा, चार दिवस बातम्या ती झोपल्यावर लावू या. काल रात्री दोनदा उठून रडली ती.’ नातीचं कारण दिलं की आजोबा स्वतःहून रिमोट खाली ठेवतात. सकाळचा पेपरही पहिलं पान आत येईल असा दुमडून ठेवा. वाचता न येणारी मुलं फोटो फार बारकाईने बघतात.

फोनचं एक काम आजच करून टाका. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, आणि ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ही बंद करा. नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला अपघाताचा व्हिडिओ थेट गॅलरीत जाऊन बसतो. मूल आपल्या वाढदिवसाचे फोटो बघायला गॅलरी उघडतं आणि शेजारीच ते दिसतं. असे व्हिडिओ आपणही पुढे पाठवू नयेत. त्यातलं माणूसही कुणाच्या तरी घरचं असतं.

तुमची भीती मुलापुढे नको, दुसरीकडे मोकळी करा

मुलं शब्दांच्या आधी चेहरा वाचतात. तुमचे हात थरथरत असतील, आवाज चढलेला असेल, तर तेव्हा मुलाला समजवायला बसू नका. बहिणीला फोन करा, गॅलरीत जाऊन पाच मिनिटं उभे राहा, रडू येत असेल तर रडून घ्या. मुलाने पाहिलंच, तर लपवण्यात अर्थ नाही. ‘हो, मला वाईट वाटलं म्हणून रडले. आता जरा बरं वाटतंय,’ एवढं सांगितलं की त्याला कळतं, रडून झाल्यावर माणूस पुन्हा उभं राहतं. मात्र आईला शांत करायची जबाबदारी त्याच्यावर येऊ देऊ नका. ‘माझं शहाणं बाळ, तूच माझा आधार’ असं अशा वेळी म्हणू नये. पाच वर्षांचं मूल ते खरं मानतं आणि मग स्वतःची भीती सांगायचं थांबतं.

सांगायचं की नाही?

मूल पाचच्या आतलं असेल, घटना लांबची असेल आणि त्याच्या कानावर जायची शक्यता नसेल, तर स्वतःहून काढून सांगायची गरज नाही. पण मूल शाळेत, व्हॅनमध्ये किंवा सोसायटीच्या मैदानात जात असेल, तर ते कुठूनतरी कळणारच असं धरून चाला. मग ते तुमच्याकडून कळलेलं बरं. व्हॅनमधला तिसरीतला दादा काय रंगवून सांगेल त्याचा नेम नाही.

वेळ निवडताना झोपेची वेळ टाळा. अंधारात, अंथरुणात पडल्यावर सांगितलेली गोष्ट रात्रभर डोक्यात घोळते. समोरासमोर बसवून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ अशी सुरुवातही नको, मूल लगेच सावध होतं. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडी पुसताना बोला. हात कामात असले आणि नजरेला नजर द्यावी लागत नसली की मुलं जास्त मोकळी होतात.

आधी विचारा, मग सांगा

हीच मुख्य पायरी, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा, सहा वर्षांची मुलगी आईसोबत मटार सोलतेय.

‘आज खाली खेळताना विमानाबद्दल काही बोलत होते का गं?’

‘हो. पडलं. सगळे जळाले.’

‘हं. विमान पडलं हे खरं आहे. आणखी काय ऐकलंस?’

मुलगी जरा वेळ गप्प. एक शेंग सोलून होते. मग: ‘काका पण विमानानेच येणार आहे ना गणपतीला?’

खरा प्रश्न हा आहे. आईने पहिल्याच वाक्यावर ‘नाही गं, तू नको विचार करूस’ म्हटलं असतं, तर तो आतच राहिला असता. किंवा तिने इंजिन, तपास, ब्लॅक बॉक्स असं सगळं समजावलं असतं आणि काकाचा विषय तसाच राहिला असता. आता तिला काय सांगायचं ते ठाऊक आहे:

‘हो, काका विमानाने येणार आहे. रोज हजारो विमानं उडतात आणि नीट खाली उतरतात. असं पडणं फार क्वचित होतं, म्हणूनच सगळ्यांना इतका धक्का बसलाय. ते का पडलं हे शोधायला खूप माणसं कामाला लागली आहेत. काकाला आज फोन करू या?’

फोन नक्की करा. तुमच्या दहा वाक्यांनी होणार नाही ते काकाचा आवाज ऐकून होतं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. ‘आणखी काय ऐकलंस?’ विचारल्यावर थांबायचं. ती शांतता आपल्याला असह्य होते आणि आपण बोलायला लागतो. तसं करू नका, मूल शब्द शोधत असतं. आणि उत्तर तीन-चार वाक्यांचंच द्या. पुरलं नाही तर ते पुन्हा विचारेल. पुरलं असेल तर तिथल्या तिथे ‘मला लाडू दे’ म्हणेल. त्याला काहीच वाटलं नाही असं त्यावरून समजू नका. लहान मुलं दुःख आणि भीती घोटाघोटाने घेतात, मध्ये खेळून येतात आणि परत येऊन तोच प्रश्न विचारतात. तोच प्रश्न पाचव्यांदा आला तरी उत्तर तेच द्या, शक्यतो त्याच शब्दांत. उत्तर अजून तसंच आहे ना, याची खात्री ते करून घेत असतं.

मृत्यूबद्दल सरळ बोला

हंगेरीच्या मारिया नॅगी यांनी बुडापेस्टमधल्या मुलांचा अभ्यास करून १९४८ साली मांडलं, की पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे लांब जाणं किंवा झोपणं वाटतं, माणूस तिथून परत येऊ शकतो असं वाटतं. पुढच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसलं: मेलेलं परत येत नाही, त्याचं शरीर काम करत नाही आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, या तीन गोष्टी मुलांना हळूहळू, बहुधा पाच ते सात या वयात उमगायला लागतात.

त्यामुळे ‘ते झोपले’, ‘ते लांब गावाला गेले’ असं सांगितलं की मूल ते शब्दशः घेतं. मग झोपायला घाबरतं, किंवा बाबा टूरला निघाले की आकांत करतं. त्यापेक्षा म्हणा: ‘ते वारले. म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं. ते आता श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत.’ ऐकायला कठोर वाटेल, पण मुलाला याने गोंधळायला होत नाही. तुमच्या घरी श्रद्धा असेल तर ‘आपण मानतो की ते देवाघरी गेले’ हे त्यानंतर जरूर सांगा. आधी फक्त तेवढंच सांगितलं, तर ‘मग देवाघरून कधी येणार?’ हा प्रश्न येतो.

‘आई, तू पण मरशील?’ हा प्रश्न कधीतरी येणारच. ‘छे, काहीतरी बोलू नकोस’ म्हणून उडवू नका. ‘सगळेच कधीतरी मरतात. पण बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. मी तब्येतीची काळजी घेते आणि मला तुझ्यासोबत खूप वर्षं राहायचंय. आणि तुला सांभाळायला बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मुलाने विचारलेलं बहुधा तेच असतं.

‘आपल्याला काहीही होणार नाही’ असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. त्याऐवजी काय केलंय ते सांगा: रात्री दाराला कडी लावली, गाडीत पट्टा लावतो, शाळेत गेटवर काका असतात.

माणसांनी माणसांना मारलं असेल तर

भूकंप किंवा अपघात समजावणं त्या मानाने सोपं. पहलगामला २६ जण मारले गेले, त्यातले सहा महाराष्ट्राचे, डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे. त्या गल्ल्यांमधल्या मुलांनी अंत्ययात्रा पाहिल्या. अशा वेळी ‘काही माणसांनी निरपराध माणसांना मारलं. ते फार वाईट केलं. पोलीस आणि सैनिक आपलं काम करतायत,’ एवढं पुरे. कुणाला कसं मारलं, हे लहान मुलापुढे येऊ देऊ नका.

पण हॉलमध्ये मोठी माणसं काय बोलतात, ते मूल ऐकत असतं. एका अख्ख्या समाजाला शिव्या घातल्या गेल्या, तर दुसऱ्या दिवशी ते वर्गातल्या आपल्या मित्राकडे घाबरून बघतं किंवा त्याला डब्याजवळ बसू देत नाही. मला याची फार काळजी वाटते, कारण हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्याला खरी गोष्ट सांगा. पहलगामला मारल्या गेलेल्यांत सय्यद आदिल हुसैन शाह हा तिथला घोडेवालाही होता. ज्यांनी मारलं ते दोषी, तुझा मित्र नाही, हे याच शब्दांत सांगायला हवं.

आणि मदत करणाऱ्यांच्या गोष्टी सांगा, शक्यतो सुखरूप राहिलेल्यांच्या, कारण मदत करणारा मरतो असंही मुलाच्या मनात बसायला नको. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर गोळीबार सुरू असताना उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून माइकवर प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिले, आणि कितीतरी माणसं वाचली. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर महिलांना एका सुरक्षित खोलीत नेलं. सात-आठ वर्षांच्या मुलांना या गोष्टी फार आवडतात. झेंडेकाकांच्या हातात फक्त माइक होता, हे त्यांना विशेष भावतं.

बातमी एखाद्या लहान मुलावरच्या अत्याचाराची असेल, जशी २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची होती, तर तपशील मुळीच नको. तिथे मुलाला नियम हवा असतो: अंघोळ घालताना आई-बाबा किंवा तपासताना डॉक्टर सोडून शरीराच्या खासगी भागांना कुणी हात लावायचा नाही, डॉक्टरकडेही आपण सोबत असू, कुणी लावला तर ओरडायचं आणि आपल्याला येऊन सांगायचं. ‘तू सांगितलंस तर मी कधीच रागावणार नाही’ हे वाक्य महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा म्हणत राहा.

धोका खरोखर दाराशी असेल तर

माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. डोंगराखालच्या वाडीत किंवा सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी राहणाऱ्या मुलाला ‘आपल्याकडे असं होत नाही’ म्हणणं खोटं ठरेल. २०१९ चा पूर त्याच्या आजीच्या तोंडी रोज असतो. या मुलाला बेत द्या: पाणी वाढलं तर कोणाकडे जायचं, पिशवीत काय घ्यायचं, म्हशी कोण सोडणार, त्याने कोणाचा हात धरायचा. पिशवी त्याच्याच हाताने भरून घ्या: टॉर्च, बिस्किटं, एक कपड्यांचा जोड, त्याचं एक खेळणं. आई-बाबांचा फोन नंबर तोंडपाठ करून घ्या, ११२ हा नंबर शिकवा. काय करायचं हे माहीत असलेलं मूल कमी घाबरतं. मॉक ड्रिलच्या भोंग्याचंही तसंच. आदल्या दिवशी ‘उद्या मोठा भोंगा वाजेल, तो सराव आहे’ असं सांगितलेलं मूल आणि अचानक भोंगा ऐकलेलं मूल यांत फार फरक असतो.

पुढचे काही दिवस

मूल ठोकळ्यांची इमारत रचेल आणि विमान आदळून पाडेल. चित्रात आग काढेल. थांबवू नका, मुलं अशीच गोष्ट पचवतात. चित्राबद्दल ‘हे काय आहे, सांग ना’ एवढंच विचारा. मात्र तोच खेळ दिवसेंदिवस तसाच, चेहऱ्यावर कसलाच आनंद नसताना चालू असेल, तर तुम्ही त्यात शिरा: ‘अँब्युलन्स आली, आता कोणाला आधी न्यायचं?’ अडकलेला खेळ बरेचदा यातून पुढे सरकतो.

गादी पुन्हा ओली होईल, अंगठा तोंडात जाईल, शाळेच्या वेळेला पोट दुखेल, बाथरूमपर्यंतही मागे-मागे येईल. ओरडू नका, चिडवू नका, भावंडांनाही चिडवू देऊ नका. जेवण, अंघोळ, शुभंकरोती, गोष्ट, झोप हे नेहमीच्याच वेळी होऊ द्या. थोडे दिवस जवळ झोपू दिलंत तर सवय लागेल म्हणून घाबरू नका. छाती धडधडते म्हणालं तर हाताची पाच बोटं मेणबत्त्या समजून एकेक हळू, लांब फुंकून विझवायला सांगा. लांब फुंकरीने श्वास आपोआप संथ होतो.

आणि त्याला काहीतरी करू द्या. पूरग्रस्तांसाठी जमा होणाऱ्या सामानात बिस्किटाचा पुडा त्याने स्वतः टाकावा, अग्निशमन दलाच्या जवानांसाठी चित्र काढावं.

बाहेरची मदत कधी घ्यायची

यातलं बरंचसं काही दिवसांत, फार तर तीन-चार आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही झोप उडालेली असेल, रोज भयानक स्वप्नं पडत असतील, मूल खात नसेल, बोलायचंच थांबलं असेल, शाळेत जायला ठाम नकार देत असेल, तर वाट पाहू नका. घरातलंच माणूस गेलं असेल किंवा मुलाने घटना स्वतः पाहिली असेल, तर चार आठवडे थांबायचीही गरज नाही. आणि मूल ‘मला पण मरायचंय’ असं म्हणालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. मूल संकटात किंवा धोक्यात असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. जिल्हा रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो. फोन करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवा: मुलाचं वय, घटना काय आणि ती त्याला कशी कळली, आणि तेव्हापासून काय-काय बदललं, किती दिवस झाले. शाळेतल्या बाईंनाही विचारून घ्या, घरी गप्प असलेलं मूल वर्गात काहीतरी बोललेलं असू शकतं. फोन मुलासमोर करू नका. नंतर त्याला सांगा: ‘तुझ्या भीतीसाठी आपण एका ताईंना भेटणार आहोत. त्या इंजेक्शन देत नाहीत.’